एकवीस डब्ल्यू

२५ मार्च १७१२, मंगळवार

पंचवीस मार्चला आमच्याकडे वर्ष बदलतं. नवं वर्ष, नवी वही, नवा विग. विग कपाळावर जरा विचित्र बसतो, पण विद्वत्ता दिसते म्हणे.

मी ॲम्ब्रोज लुडकिन, वय चव्वेचाळीस. हर्टफर्डच्या शाळेत अठरा वर्षं पोरांच्या डोक्यात लॅटिन कोंबलं, कंटाळलो आणि लेखक व्हायला लंडनला आलो. निघताना थोरल्या भावाने, बार्नबीने, दम भरला. "एक वर्ष. पुढच्या पंचवीस मार्चपर्यंत शाळेतली तुझी जागा अडवून धरतो. तोवर तुझं ते पत्रक उभं राहिलं तर राहा तिकडेच. नाही तर मुकाट्याने परत यायचं आणि पोरांना लॅटिन धातू चालवायला शिकवायचं." मी म्हटलं, मंजूर. अलंकार बाजूला ठेवून एकदाच लिहितो: मला परत जायचं नाही.

पत्रकाचं नाव 'वातकुक्कुट', म्हणजे छपरावरचा वारा दाखवणारा कोंबडा. शहरात वारा कुठून वाहतो ते सांगणार, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. छापणार शू लेनमधल्या डॉर्कस हार्बिन. नवरा वारल्यापासून छापखाना त्याच चालवतात. अक्षरांचे खिळे स्वतः जुळवतात, आणि मजकुराची खरडपट्टीही स्वतःच काढतात. माझा पहिला निबंध हातात घेऊन बाई नुसती बोटं मोजत राहिल्या.

"अहो मास्तर, विनोद, विवेक, विश्व, वनिता, परत विवेक! सगळी डब्ल्यूची नामं! किती डब्ल्यू घालाल? मोठे डब्ल्यू माझ्याकडे एकवीस आहेत."

"एकवीसच?"

"ह्यांनी एकदा जिन्यावरून खिळ्यांचा खण पाडला. बाकीचे फळ्यांच्या फटीत गेले, उंदीर वाचत असतील. आणि हे खिळे हॉलंडचे. इथला डब्ल्यू त्यांच्यात घातला तर लग्नात घुसलेल्या आगंतुकासारखा दिसतो."

"पण बाई, प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं, ही सगळ्या लंडनची रीत. तिला मी काय करू?"

"काही करू नका. कमी पडले तर दोन व्ही खेटून उभे करीन. नाही तर तुम्ही विवेक कमी वापरा."

बाईमाणूस स्पष्टवक्तं आहे.

१ एप्रिल

पहिला अंक निघाला. मुहूर्त चुकला. ज्याला त्याला वाटलं, आज एक तारीख, कुणीतरी सगळ्यांना बनवतंय. कॉफीहाउसात कॅप्टन स्ट्रोड भेटले. हे निवृत्त दर्यावर्दी, सगळ्यांच्या पैशांनी कॉफी पितात. म्हणाले, "लुडकिन, मी दोनदा वाचलं रे. थट्टा कुठे आहे ते काही सापडलं नाही." मग त्याच अंकाची सुरळी करून पाइप पेटवला. पेटला चांगला.

११ एप्रिल, शुक्रवार

वाचकांनी पत्रं टाकावीत म्हणून छापखान्याच्या दाराला माझ्या विगची रिकामी पेटी टांगली आहे, वर एक फट पाडून. दहा दिवसांत संत्र्याच्या साली आणि एक चिमणी, एवढंच आलं. आज माझा मजकूर अर्धा रकाना कमी पडला. घाबरून धावत गेलो तर बाई शांतपणे म्हणाल्या, "पत्र आलं होतं. जुळवून टाकलं." छापलेलं असं:

"कोंबडेमहाशय, बायकांनी गप्प बसण्यात किती शोभा आहे, हे तुम्ही दोन रकाने बडबडून सांगितलंत. गप्प बसणं इतकं शोभून दिसत असेल तर आधी तुम्ही करून दाखवा. मी मन लावून ऐकेन. आपली, टॅबिथा नेटल."

नेटल! नावच खाजकुइलीचं. संतापलो. मूळ पत्र मागितलं.

"मटणाच्या पॅटिसखाली ठेवलं होतं. चरबीने भिजलं, मांजराने चाटलं, मग मी चुलीत घातलं."

वाचकांच्या पत्रांची अशी हेळसांड! चांगलं सुनावणार होतो, पण बाईंच्या हातात हातोडी होती.

९ मे, शुक्रवार

पत्रक चाललंय! आता दर शुक्रवारी नेटलबाईंचं पत्र असतं, आणि कॉफीहाउसात कॅप्टन टेबलावर चढून ते मोठ्याने वाचतात. लोक खुर्च्या बडवतात. पण खप वाढला तो माझ्या गंभीर निबंधांमुळेच, यात शंका नाही. फक्त एक कोडं आहे. मंगळवारच्या अंकात निबंध दोन असतात नि पत्र नसतं, तरी तो पडून राहतो. शुक्रवारचा दुपारीच संपतो. शुक्रवारी लोकांना मोकळा वेळ असावा.

मूळ पत्र अजून एकही दिसलेलं नाही. एक शाईत पडलं, एक वाऱ्याने उडालं, एकात बाईंनी चुकून मासळी बांधली. इतकी हुशार बाई, पण कागद सांभाळता येत नाहीत.

१४ मे

पाऊस. विगला वास येतो.

८ जून, रविवार

लिहूनच टाकतो. मी टॅबिथा नेटलच्या प्रेमात पडलो आहे. आठ आठवडे जी मला इतकं बोलते, तिने माझा प्रत्येक शब्द वाचलेला असतो. आईनंतर हे कुणी केलेलं नाही.

काल हार्बिनबाईंना हे सांगितलं, तर त्यांच्या हातून जुळवलेली अख्खी ओळ सुटून जमिनीवर सांडली. चार वर्षांत एक खिळा पडला नव्हता, म्हणे.

"तिला पाहिलंत तरी का मास्तर?"

"तिची वाक्यं पाहिली. पुरे."

बाईंचा चेहरा लाल झाला होता. चुलीची धग फार आहे तिथे.

आणि आज चर्चमध्ये उलगडा झाला! चौथ्या बाकावर बसणाऱ्या मिस लेटिशिया ग्रोव्ह माझ्याकडे पाहून पंख्याआड हसत होत्या. चांगल्या तीनदा. नेटल त्याच! दुपारी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. आणि माझ्या नाकासमोर खिडकी लावून घेतली.

१३ जून, शुक्रवार

आजच्या पत्रात नेटलबाईंचा पारा फार चढलेला.

"कोंबडेमहाशय, काही माणसं जवळची हाक सोडून चौथ्या बाकावरचं हसू गोळा करत फिरतात. अशांच्या कानात शाई ओतली तरी फरक पडणार नाही."

चौथं बाक! ही गोष्ट माझ्याखेरीज फक्त हार्बिनबाईंना माहीत, आणि मिस ग्रोव्हना. म्हणजे पत्र मिस ग्रोव्हचंच. याहून चोख पुरावा न्यायाधीशालाही मिळायचा नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

संकट. आजपासून प्रत्येक पत्रकावर सरकारी शिक्का, आणि शिक्क्याचा कर. किंमत दुप्पट करावी लागली. या आठवड्यात आमच्या गल्लीतली तीन पत्रकं मिटली. बार्नबीला पत्र लिहायला घेतलं होतं: "दादा, जागा कुणाला देऊ नकोस." ते हार्बिनबाईंच्या टेबलावर विसरलो. परत आलो तर बाई ते वाचत होत्या, बिनदिक्कत.

"पळताय होय मास्तर?"

"बाई, दुप्पट पैसे देऊन मला कोण वाचणार?"

बाई पाठ फिरवून खिळे जुळवायला लागल्या. अंक निघाला त्यात हे होतं:

"कोंबडेमहाशय, सरकारने हसण्यावरही शिक्का मारलाय असं ऐकते. म्हणून काय झालं? तुम्हाला नावं ठेवण्याचं सुख मला दुप्पट मोलातही स्वस्त पडेल. लंडनकरांनो, एक पाइप कमी ओढा, पण माझा कोंबडा आरवता ठेवा."

'माझा कोंबडा'! त्या कधी 'वातकुक्कुट' असं पूर्ण नाव घेत नाहीत, नेहमी कोंबडा. लाडाने, दुसरं काय!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

खप टिकला! कॅप्टन स्ट्रोडनी आज स्वतःच्या पैशांनी अंक घेतला. त्यांच्या ओळखीतल्या दोघांनी त्यांची नाडी तपासली.

६ ऑक्टोबर, सोमवार

हात दाखवून अवलक्षण. मिस ग्रोव्हकडे गेलो होतो. गुडघा टेकला, 'माझी टॅबिथा' असं म्हटलं, आणि त्या हसत हसत सोफ्यावर कोलमडल्या.

"अहो, मी कुठली पत्रं लिहिते? मला आईला दोन ओळी लिहायचाही कंटाळा. चर्चमध्ये हसत होते ती तुमच्या विगला. तुम्ही तो मागचा पुढे घालता. मार्चपासून!"

छापखान्यात जाऊन सगळं सांगितलं. हार्बिनबाई कागदाच्या गठ्ठ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठल्या, माझ्या डोक्यावरचा विग उचलला आणि फिरवून सरळ बसवला. हात शाईचे, पण हलके. "सहा महिने सांगणार होते," म्हणाल्या. "पण उलटाच बरा दिसत होता. तुमचाच वाटत होता." मग सकाळपासून जेवलो नाही हे ओळखून गरम पॅटिस आणि बिअर समोर ठेवली. लाज वाटायची ती वाटेनाशी झाली. असं का व्हावं, कळत नाही.

शुक्रवारसाठी आलेल्या पत्रात नेटलबाई त्याला 'डोक्यावरचा झाडू' म्हणतात. बातमी कशी पोचते कोण जाणे!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर हार्बिनबाई तापाने आजारी आहेत. मी आणि म्हातारा गिडियन, म्हणजे यंत्र ओढणारा, छापखाना कसाबसा रेटतोय. आणि योगायोग पाहा, या आठवड्यात नेटलबाईंचंही पत्र नाही. धुकं फार आहे, त्याही आजारी असाव्यात.

संध्याकाळी बाईंच्या उशाशी बसून त्यांना बरं वाटावं म्हणून नेटलची जुनी पत्रं वाचून दाखवली. वाचता वाचता मीच रडायला लागलो. म्हटलं, "बाई, ही भेटली तर मी तिच्यासाठी लंडन पायाखाली घालीन."

त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "ती कागदावरची बाई, मास्तर. तिला ताप येत नाही. तिच्या हाताला शाई लागत नाही. तिच्याशी कुणाची बरोबरी व्हायची?"

आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तापात माणूस काहीही बोलतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज जन्मात पहिल्यांदा मी स्वतः खिळे जुळवले. सगळं उलटं वाचायचं, उभ्याने. बोटं सुजली. सहाव्या ओळीतच विवेकाने घात केला, पंधराव्या ओळीत डब्ल्यू संपले. दोन व्ही खेटून उभे केले तर ते दारुड्यांसारखे एकमेकांवर कलले. मग चिडून विवेक काढला, विनोद काढला, विश्वाचं 'जग' केलं. निबंध निम्मा झाला. गिडियनने छापता छापता वाचला आणि म्हणाला, "मास्तर, आज पहिल्यांदा कळलं तुम्हाला काय म्हणायचंय."

नेटलबाई कसं जमवतात ते पाहावं म्हणून जुने अंक काढले. बत्तीस पत्रं. बोट ठेवून शोधलं. बत्तीस पत्रांत मोठा डब्ल्यू एकही नाही! वाऱ्याला त्या 'हवा' म्हणतात. बायकांबद्दल पानं भरली, पण 'वनिता' नाही. विग म्हणजे झाडू. वातकुक्कुट म्हणजे कोंबडा! घरी बसून पत्र लिहिणाऱ्याला काय ठाऊक, आमच्या खणात कुठलं अक्षर कमी आहे? म्हणजे लिहिणारं माणूस या छापखान्यातलंच.

वळून पाहिलं. गिडियन. साठीचा, दोन दात, मानेवर शाई.

"गिडियन," मी विचारलं, "खरं सांग. टॅबिथा नेटल तूच का रे?"

गिडियनने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की शाई वाळली. "मास्तर, मला वाचता येतं, पण लिहायचं म्हटलं की सहीला फुली मारतो." मग यंत्राच्या दांड्याला धरून हसत सुटला. "या छापखान्यात माणसं किती? तुम्ही, मी आणि..." त्याने जिन्याकडे बोट केलं.

२६ नोव्हेंबर

काखेत कळसा नि गावाला वळसा. दुसरं काही लिहवत नाही. अठरा वर्षं पोरांना गाढव म्हणत होतो, त्या सगळ्यांची क्षमा मागतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बाई बऱ्या झाल्या, कामाला लागल्या. पण पत्र नाही. विचारलं तर म्हणाल्या, "येत नाही. कंटाळली असेल. नाही तरी बायकांनी गप्प बसण्यात शोभा आहे ना?"

मला माहीत आहे, हे सांगायला दहादा तोंड उघडलं. पण काय सांगू? तुमच्या उशाशी बसून तुमचीच पत्रं तुम्हाला वाचून दाखवली आणि दुसरीसाठी रडलो? बोललो तर हातोडी बसेल, आणि ती बसायलाच हवी. शब्दांनी मी आजवर एकही गोष्ट धड केलेली नाही. दुसरं काहीतरी करायला हवं.

१९ जानेवारी

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खिळे ओतणारा आहे. त्याला आमचा हॉलंडचा एक डब्ल्यू दाखवला. म्हणाला, हुबेहूब जमेल, पण नवा साचा कोरावा लागेल, दोन महिने. मोबदला ठरला: त्याच्या सासूच्या थडग्यासाठी लॅटिनमध्ये आठ ओळी. "पण सासू अजून आहे ना?" मी विचारलं. "आहे," तो म्हणाला, "पण तयारी असलेली बरी."

लॅटिन आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खप उतरतोय. कॉफीहाउसात सगळ्यांचा एकच प्रश्न: "नेटल कुठंय?" कॅप्टन म्हणाले, "लुडकिन, तुझे निबंध हल्ली आखूड झालेत, बरे झालेत. पण आम्ही तिच्यासाठी येत होतो बाबा." मला आता राग येत नाही. मीही तिच्यासाठीच येत होतो.

बार्नबीचं पत्र: २३ मार्चला येतो, सामान बांधून ठेव. बाईंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या, आणि दिवसभर एकही खिळा नीट लावला नाही. अंकात माझं नाव 'लुकडिन' छापलं गेलं.

२० मार्च, शुक्रवार

पुडी मिळाली. चाळीस डब्ल्यू, नवेकोरे, चकचकीत. सकाळी कुणी नसताना दारावरच्या विगच्या पेटीत टाकली. सोबत चिठ्ठी, नऊदा लिहून आठदा फाडलेली:

"टॅबिथाबाई, हे अक्षर तुम्हाला वर्षभर कमी पडत होतं, आणि ते सगळं मी उधळत होतो. आता हवं ते लिहा. मला कागदावरची बाई नको आहे. शाई लागलेले हात हवेत. अ. लुडकिन."

दुपारपर्यंत पेटी रिकामी. बाई नेहमीसारख्याच. अंकाच्या कामात गुंतल्यासारखं दाखवून मी चारदा आत डोकावलो. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "दार लावा मास्तर, वारा येतोय."

२३ मार्च, सोमवार

बार्नबी आला. रिकामी ट्रंकही घेऊन आलाय. माझे मोजे मोजतोय. बाईंनी आज छापखान्यात पाऊल ठेवू दिलं नाही. उद्याचा अंक त्या एकट्याच लावणार म्हणे. संपलं बहुतेक.

२४ मार्च, मंगळवार

बार्नबीने अर्धी ट्रंक भरली होती, तेवढ्यात गिडियन जिना चढून धापा टाकत आला आणि ओला अंक माझ्या हातात कोंबला. मंगळवारी कधी पत्र नसतं. आज होतं.

"वातकुक्कुटमहाशय, चाळीस डब्ल्यू पोचले. त्यातले सहा इथेच खर्च करते. मी विधवा आहे. विवाहाला तयार आहे. विग सरळ घालून या. बाकीचे चौतीस खणात ठेवलेत, ते तुमच्या विनोदाला लागतील. विवेक मात्र कमीच वापरा. आपली, डॉर्कस हार्बिन, शू लेन."

बार्नबीने माझ्या खांद्यावरून वाचलं. "ही डॉर्कस हार्बिन कोण?"

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. जिन्यावरून धावलो, गल्लीत दोनदा घसरलो. बाई दारातच उभ्या होत्या, हाताला कोपरापर्यंत शाई. माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. विग घरीच राहिला होता.

"असू दे," म्हणाल्या. "असेही चालाल."

माझ्या दोन्ही गालांवर अजून काळी बोटं आहेत. धुणार नाही.

२५ मार्च १७१३, बुधवार

नवं वर्ष. सकाळी कॉफीहाउसात कॅप्टन टेबलावर चढून ते पत्र वाचत होते, आणि दुपारच्या आत गिडियनला कालचा अंक पुन्हा छापावा लागला. बार्नबी रिकामी ट्रंक घेऊन एकटाच परत गेला. जाताना पंचवीस अंक घेतले, हर्टफर्डमध्ये वाटायला. रविवारी चर्चमध्ये आमच्या लग्नाचा पहिला जाहीर पुकारा. मिस ग्रोव्ह आता कशाला हसतील कोण जाणे!

शुक्रवारसाठी निबंध लिहिला. डॉर्कसबाईंनी हातात घेऊन बोटं मोजली.

"विवेक एकदाच," म्हणाल्या. "सुधारताय."